जावळाचा मामा

तळेगावचा निरोप आला तेव्हा अंबूबाई पाट्यावर पुरण वाटत होत्या. निरोप आणणारा माणूस अंगणातच उभा राहिला, पायातलं पायताणही काढलं नाही त्यानं. म्हणाला, "इंदूताईच्या चुलतभावानं सांगितलंय, तुमच्या वाडीत दगडफेक झाली म्हणं. बायकापोरं घिऊन कुटं यायचं असल्या गडबडीत? निवळलं की येतो, तवर जावळ पुढं ढकला."

"ढकला म्हंजे? हातगाडी हाय व्हय ती?" अंबूबाई म्हणाल्या. पण तो माणूस पाणीही न पिता निघून गेला.

झालं. मामा नाही म्हणजे जावळ नाही. पोराचे पहिले केस उतरायचे ते मामाच्या मांडीवर बसवून, ही रीत काही अंबूबाईंनी काढलेली नव्हती. इंदूला, त्यांच्या धाकट्या सुनेला, सख्खा भाऊ नाही, म्हणून तळेगावच्या चुलतभावाला महिन्याभरापासून सांगून ठेवलेलं. नातू अकरा महिन्यांचा. अंबूबाईंच्या नवऱ्याच्या, यशवंतरावांच्या, वडिलांचं नाव ठेवलेलं, नानासाहेब, म्हणून घरात सगळे त्याला नाना म्हणत. अकराव्या महिन्यात जावळ काढीन असा देवीला बोललेला नवस होता. हा महिना हुकला की देवीला काय तोंड दाखवायचं?

अंगणात माणसांची वाण नव्हती. यशवंतरावांचे चुलतभाऊ हिंदुराव सकाळीच येऊन ओट्यावर बसलेले. त्यांच्यामागं सगळी भावकी आलेली. न्हावी वस्तरा घासत होता. काका, चुलते, चुलतचुलते हवे तेवढे होते, पण सगळे बापाकडचे. मामा व्हायला त्यातला एक कामाचा नव्हता. मामा बाहेरून यावा लागतो, आणि बाहेरून येणाऱ्याची वाट ह्याच मंडळींनी बंद करून ठेवलेली. अंबूबाईंना आधी हसू आलं आणि मग राग आला.

कासारवाडीच्या माळावर कारखाना उभा राहिला त्यात यशवंतरावांची जमीन गेली तशी हिंदुरावांचीही गेली. यशवंतरावांनी बैल विकले. घरामागच्या रिकाम्या गोठ्यात मोगलाईतलं एक कुटुंब येऊन राहिलं. निजामाचं राज्य जाऊन सात वर्षं झाली होती, तरी वाडीच्या तोंडी बीडकडचा मुलूख अजून मोगलाईच होता. सुभद्रा, तिची लेक रंभा आणि सुभद्रेचा भाऊ ज्योतीराम, अशी तीन माणसं. सुभद्रेचा नवरा सोपान चाकणला कांद्याच्या वखारीत हमाल होता, बाजार झाला की येऊन जायचा. ज्योतीरामाला कारखान्यात हेल्परचं काम लागलं. त्याच रांगेत उभ्या असलेल्या सयाजीला, म्हणजे नानाच्या बापाला, लागलं नाही. हिंदुरावांच्या दोन्ही पोरांनाही लागलं नाही. तिथं बिनसलं. जमिनी आमच्या आणि हजेरी मोगलाईवाल्यांची, असं म्हणत चार दिवसांपूर्वी वाडीतल्या पोरांनी गेटवर मोर्चा नेला. सयाजी सगळ्यांत पुढं. गेटवर पोलीस बघून मोर्चा मागं फिरला, आणि परत येताना दिवेलागणीला गोठ्यावर दगड पडले. ज्योतीरामाचं डोकं फुटलं.

एवढं होऊन हिंदुरावांचं समाधान झालं नव्हतं. कालच ते यशवंतरावांना सांगून गेले होते, "दादा, जावळाला समदी भावकी यील. पण पंगत बसायच्या आत गोठा रिकामा पायजे. न्हाई तर आमचं पान तुमच्या घरात पुन्हा मांडू नका."

यशवंतराव "बघू" म्हणाले होते. त्यांच्या 'बघू'चा अर्थ 'होय' असतो, हे अंबूबाईंना लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी कळलं होतं.

*

इंदू पाचव्या दिवसाची आंघोळ करून ओल्या केसांनी गोठ्याकडं निघाली होती. मोर्चाच्या दिवशी सकाळीच तिला कावळा शिवला. चार दिवस ती मागच्या पडवीत बाजूला बसलेली, आणि नाना ह्या चार दिवसांत रात्रंदिवस सुभद्रेकडं. एरवी सुभद्रा घरी येऊन त्याला पाजून जायची. दिवेलागणीनंतर पोर घराबाहेर कधी नसायचं.

गोठ्याच्या दारात दोन गाठोडी बांधून ठेवलेली होती. आत ज्योतीराम पत्र्याच्या पेटीला दोरी आवळत होता. डोक्याला पट्टी. सुभद्रा नानाला मांडीवर घेऊन बसली होती, आणि नाना नाचणीची पेज खाण्याऐवजी सगळ्यांना दाखवत होता.

"हे काय?" इंदूनं विचारलं.

"दुपारच्या गाडीनं जाताव आमी," सुभद्रा म्हणाली. "चिंचवड टेशनावरून. थोरल्या मालकांना सांगावं लागू नये, म्हणून आपणहून निघालाव. त्यांच्या तोंडून ते निघणार न्हाई, आन् निघालं तर त्यांलाच वाईट वाटंल."

"आणि सोपानभावजी?"

"त्यांला चाकणला निरोप धाडलाय. पोट भरायचंय, कुटंबी भरंल. तुमी रडू नगा बाई. बाळ आता पेज खातंय, दूध काय, दोन म्हयन्यांत तुटलंच असतं."

इंदू गाठोड्यावरच बसली. नाना वीस दिवसांचा असताना तिला मुदतीचा ताप भरला होता. दीड महिना ती ह्या जगात नव्हतीच म्हणायची. दूध आटलं ते आटलंच. शेळीचं दूध पोराला पचेना, गाईचं पचेना, पोर वाळून गेलं. तेव्हा ही बाई रंभीला कडेवर घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आली आणि अंबूबाईंना म्हणाली होती, द्या इकडं, माझं उतू चाललंय. उतूबितू काही जात नव्हतं. रंभी तेव्हा सहा महिन्यांची, तिलाच पुरेना झालं होतं. दुसऱ्या दिवसापासून रंभीला भाकरीचा काला सुरू झाला. इंदू बरी होऊन उठली तेव्हा पोराच्या मांडीला वळ्या पडलेल्या होत्या.

"तुमचं फेडायचं कसं, सुभद्राताई?"

"फेडायला काय सावकारी हाय का? माझ्या लेकीचा दूधभाऊ हाय त्यो. लगीन ठरलं तर पत्रिका धाडा."

हे ती हसून म्हणाली. इंदूला हसायला आलं नाही. दूधभाऊ हा शब्द तिनं मनातल्या मनात दोनदा म्हटला. रंभी नानाची बहीण असेल तर सुभद्रा त्याची दुसरी आई झाली. मग आईचा भाऊ कोण झाला?

तिनं ज्योतीरामाकडं पाहिलं. तो पेटीवर गुडघा देऊन गाठ मारत होता.

"ज्योतीरामभाऊ, ती दोरी राहू द्या जरा," इंदू म्हणाली, आणि नानाला उचलून अंगणाकडं चालू लागली.

*

यशवंतरावांची धाकटी सून घरात आल्यापासून चार पुरुषांसमोर बोलली नव्हती. त्यामुळं ती पदर सावरून ओट्याजवळ येऊन उभी राहिली तेव्हा यशवंतरावांना वाटलं, पाणी विचारायला आली असेल.

"मामंजी, मामा मिळाला," इंदू म्हणाली. "माझा भाऊ हाय हितं. मागं गोठ्यात हाय."

क्षणभर कुणाला काही कळलंच नाही. न्हाव्याला आधी कळलं. त्याचा वस्तरा थांबला.

"सुभद्राताईंनी ह्याला पाजलंय. तवा त्या माझ्या बहीण झाल्या. आणि त्यांचा भाऊ तो माझा भाऊ. ज्योतीरामभाऊंच्या मांडीवर बाळ बसंल." एवढं बोलूनही ती तिथून हलली नाही.

हिंदुरावांनी पानाची चंची गुंडाळली. "वैनी," त्यांनी स्वयंपाकघराच्या दिशेनं हाक घातली, "सुनंला आवरा. काय बोलतीया ही? मोगलाईतला गडी आपल्या नानाचा मामा?"

अंबूबाई पुरणाचे हात तसेच घेऊन बाहेर आल्या. "का वो भावजी? मामा परकाच असतोय की. तळेगाव काय आपल्या कासारवाडीत हाय?"

"तळेगाव येगळं. सोयरिकीतलं हाय."

"पयल्यांदा तेबी परकंच हुतं. बाहेरचा, बाहेरचा चाललंय चार दिस. ह्या अंगणात हितं जन्मलेली एक बाई दावा मला. मी खेडची. ही तुमची रुक्मिणी मुळशीकडची. इंदू तळेगावची. बाहेरच्यांना काढायचंच ठरलं असंल तर आमीबी गाठोडी बांधतो. चुली तुमी फुका, आन् जावळं तुमीच काढा एकमेकांची."

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. सगळ्यांत मोठ्यांदा हिंदुरावांची बायको रुक्मिणीबाई हसली. नवऱ्यानं बघितलं तरी थांबली नाही.

"हसा," हिंदुराव म्हणाले. त्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "चार एकर गेली माझी तवा हसायला कुणी नव्हतं आलेलं. थोरलं पोरगं रोज सकाळी गेटवर जातंय आन् दुपारी तोंड पाडून येतंय. वैनी, मला तुमच्या गोठ्यातल्या गड्याचा राग न्हाई. पण माझ्या पोराची हजेरी त्याच्या नावावर लागलीया, हे मी इसरू कसं?"

यशवंतरावांना वाटलं, ह्यातलं खोटं काय आहे? माळावरच्या जमिनीत ह्या हिंदुरावांबरोबरच ते लहानपणी हुरडा खायचे. दोघांचा बांध एक होता. आता बांधही गेला आणि दोन्ही बाजूंची जमीनही. उरली होती ती भावकी, आणि तीही आज सुटायला निघाली होती. दुसऱ्या बाजूला सून उभी होती. पोरगं तिच्या कानातल्या बुगडीला लोंबकळत होतं. जिवंत, गुटगुटीत. ते कुणामुळं, हे यशवंतरावांना माहीत नव्हतं असं थोडंच?

"सयाजी," ते म्हणाले, "पोर तुझं हाय. तू सांग."

सयाजी खांबाला टेकून उभा होता. फौजदार येऊन जाईपर्यंत चार दिवस तो हिंदुरावांच्या माळ्यावर झोपत होता, आज पहाटेच घरी आला होता. "हिंदुतात्या म्हणत्यात तेच खरं," तो इंदूकडं न बघता म्हणाला. "माझं पोर मी त्या गड्याच्या मांडीवर द्यायचो न्हाई. जावळ राहिलं तरी चालंल. आन् गोठा आजच्या आज रिकामा करायचा."

इंदूनं सासूकडं पाहिलं. अंबूबाईंनी लुगड्याला हात पुसले.

"सयाजी, आत ये जरा," त्या म्हणाल्या.

*

आत चुलीवर आमटी उकळत होती. सयाजीला वाटलं, आई आता दुधाचे उपकार काढणार. त्याची तयारी होती. दूध पाजलं ते खरंच, पण त्यासाठी गोठा कायमचा आंदण द्यायचा का, असं काहीसं तो म्हणणार होता.

"गोठ्यावर दगड पडले त्या येळंला नाना कुटं हुता, ठावं हाय का तुला?" अंबूबाईंनी विचारलं.

"घरात. आन् कुटं असंल?"

"त्या दिशी सकाळी इंदूला कावळा शिवला हुता."

सयाजीनं मान खाली घातली. असल्या गोष्टी ह्या घरात बायका आपापसांत हळू आवाजात बोलत. पुरुषाच्या कानावर घालायची पद्धत नव्हती, आणि आई तर मुलाला हे कधीच सांगणार नाही. आज तिनं सांगितलं. का सांगितलं, हे त्याला कळायला वेळ लागला. मग त्यानं मान वर केली.

"गोठ्यात?"

"सुभद्रीच्या अंथरुणात. एका अंगाला रंभी, एका अंगाला ह्यो. पत्र्यावर पयला दगड वाजला तशी सुभद्री रंभीवर आडवी झाली. नानाला ज्योतीरामानं उचलला. पोटाशी धरला आन् भिंतीकडं तोंड करून वाकला. त्यामागला दगड दारातनं आला."

पहिला दगड सयाजीनंच मारला होता. पत्र्यावर, नुसता आवाज व्हावा म्हणून. नंतर सगळ्यांनीच मारले. दारातून आत गेलेला कुणाचा, ते त्याला माहीत नव्हतं. आपलाच असेल का, तेही आता सांगता येईना. एवढं मात्र आठवत होतं की आतून एक पोर किंचाळलं होतं, आणि त्याच्या मनात आलं होतं, असेल मोगलाईवाल्यांचं.

तो चुलीपाशी खालीच बसला.

"फौजदार आला तवा ज्योतीराम म्हणाला, सायकलीवरनं पडलो," अंबूबाई आमटी ढवळत म्हणाल्या. त्यांना मुलाकडं बघवत नव्हतं.

"त्याच्याकडं सायकल कुटं हाय?"

"न्हाई. फौजदारालाबी दिसत हुतं ते. पण तक्रारच न्हाई म्हटल्यावर त्यो काय करणार, च्या पिऊन गेला."

"मला का न्हाई सांगितलं कुणी? चार दिस झालं."

"सुभद्रीनं हात धरला माझा. म्हणली, सांगू नका सयाजीमालकांना, पोराकडं बघतील तवा तवा त्यांला तेच आठवंल. इंदूलाबी तिनंच गप्प बसवलं. तिला तुझ्या जिवाची काळजी, सयाजी. आन् तू तिचा गोठा रिकामा करतुयास."

सयाजी रडला. लग्न झाल्यापासून आईसमोर रडला नव्हता तो. बाहेर नाना कशाला तरी खिदळत होता. ते हसणं आज ऐकू येतंय, ह्याबद्दल कुणाचे पाय धरावेत असं त्याला झालं. गेट, भरती, रांगेतून बाहेर काढणारा मुकादम, हे सगळं आपल्या जागी होतंच. पण पोर जिवंत होतं, आणि एका माणसानं ते जिवंत ठेवलं होतं. त्याला आधी तेवढंच दिसत होतं.

"फेटा कुटं ठेवलाय मामाचा?" नाक पुसत त्यानं विचारलं.

*

पोराच्या बापानं मामाला फेटा बांधून बोलवायचं, मग मामानं पाटावर बसायचं, अशी पद्धत. सयाजी केशरी फेटा हातात घेऊन गोठ्याच्या दारात आला, तेव्हा ज्योतीराम पेटी खांद्यावर घ्यायच्या बेतात होता. सयाजीला बघून त्यानं ती खाली ठेवली आणि सुभद्रेच्या पुढं येऊन उभा राहिला.

"निघालावच आमी, मालक," तो म्हणाला. "तुमी कशाला तरास घेतला?"

"मामाला फेटा बांधायला आलोय."

ज्योतीरामानं बहिणीकडं पाहिलं. सुभद्रेनं कपाळाला हात लावला. "सांगितलं का मालकीणबाईंनी? नगा म्हणलं व्हतं मी."

"बरं केलं सांगितलं," सयाजी म्हणाला. पुढचं बोलायला त्याला जड गेलं. वाडीतल्या पोरांपुढं तो तासभर भाषण करायचा, इथं चार शब्द जमेनात. "चुकलो मी, ज्योतीराम. माझं पोर तू अंगावर झाकलंस, आन् वर माझंच नाव फौजदारापासनं लपवलंस. मी काय तोंडानं बोलू तुझ्यासंगं? माझ्या पोराचा मामा हो. एवढं मागाया आलोय."

ज्योतीराम अवघडला. "पोरगं हातात व्हतं म्हणून वाकलो, मालक. नसतं तर मी बी मागच्या दारानं पळालो असतो की. एवढं मोठं नगा करू."

सयाजीला रडता रडता हसू फुटलं. त्यानं ज्योतीरामाला पेटीवर बसवलं आणि पट्टीवरून फेट्याचा पहिला वेढा घेतला. डाव्या कानाच्या वर कापसाखाली सूज हाताला लागली. सयाजीचे हात थांबले.

"जरा ढिला बांधा तिथं," ज्योतीराम म्हणाला.

सयाजीनं तो ढिला बांधला. फेटा काही नीट बसला नाही, एका बाजूला उतरलाच. त्या उतरत्या फेट्यानं ज्योतीराम अंगणात आला, तशा बायका पुढं सरकल्या. रुक्मिणीबाईंनी स्वतः उठून पाटाखालची रांगोळी नीट केली. हिंदुराव ओट्यावरून उठले नाहीत, पण गेलेही नाहीत.

नानानं मात्र कुणाचीच इभ्रत ठेवली नाही. वस्तरा दिसला तसा त्यानं असा टाहो फोडला की न्हावी म्हणाला, "मामा, धरा की घट्ट. बोटं जातील माझी." ज्योतीरामानं पोराला छातीशी धरलं, आणि पोर हळूहळू गप्प झालं. ती छाती त्याच्या ओळखीची होती. केस उतरले, सयाजीच्या बहिणीनं, शालनबाईनं, आत्याच्या मानानं ते नव्या खणात झेलले. आता मामाचा आहेर. ज्योतीरामाकडं काय असणार? सुभद्रेनं कमरेला खोचलेली कुंची काढून त्याच्या हातात दिली. जुन्या लुगड्याच्या काठांची, तुकडे जोडून शिवलेली. जाताना बाळासाठी मागं ठेवून जायची म्हणून तिनं ती चार दिवस बसून शिवली होती. ज्योतीरामानं ती नानाच्या गोट्यावर घातली आणि इंदूला इतकं भरून आलं की ती हळदीकुंकवाचं तबक घेऊन नुसतीच उभी राहिली. अंबूबाईंनी मग तबक तिच्या हातातून घेतलं.

*

पानं मांडली. मामाला पहिला पाट. हिंदुरावांनी पायताणात पाय घातले.

"हिंदू, बस," यशवंतराव म्हणाले.

"दादा, मी बोललो ते बोललो."

"मीबी आता बोलतो. काल बघू म्हणालो, ते चुकलं. गोठा रिकामा व्हायचा न्हाई." यशवंतरावांनी हे पंगतीला ऐकू जाईल असं सांगितलं. "पर तुझी चार एकर या पोरानं नेली न्हाई. ज्यांनी नेली त्यांनी घरटी एक माणूस कामावर घिऊ म्हटलं हुतं, ते तुझ्यामाझ्या म्होरं म्हटलं हुतं. उद्या पुण्याला जाऊ. कलेक्टर कचेरीच्या पायरीवर बसायचं तर तुझ्या बाजूला मी बसतो. लागतील तेवढे दिस."

"मोर्चाला तर आला न्हाईत."

"दगड मारायला न्हाई आलो. भांडायला येतो."

हिंदुराव उभेच राहिले. रुक्मिणीबाईंनी त्यांच्या पानात पुरणपोळी वाढून टाकली आणि वर तुपाची धार धरली. आता पान टाकून जायचं म्हणजे अन्नाचा अपमान. ते बसले, पण पंगतीच्या अगदी टोकाला.

"माझं मत हाय तेच हाय," ते म्हणाले.

"मत राहू द्या. भजी घ्या," रुक्मिणीबाई म्हणाल्या.

पंगत उठत आली तेव्हा सुभद्रा रंभीला कडेवर घेऊन अंबूबाईंच्या पाया पडायला आली. "भरून पावलाव मालकीणबाई. असा मान आमच्या सख्ख्यांनी बी केला नसता. आता निघताव."

"अगं, आत्ताच ह्यांनी सांगितलं न्हवं? गोठा तुमचाच हाय."

"व्हय. मालकांचं मन मोठं हाय. पण मालक घरात झोपणार, आन् आमी गोठ्यात." सुभद्रा हळू बोलत होती, तरी सगळ्यांना ऐकू गेलं. "आज गोड झालं. उद्या भरतीत पुन्हा बाहेरच्या दोघांची नावं निघाली, पोरांची डोस्की फिरली, म्हंजे? रझाकाराच्या दंग्यात एकदा घर सोडलं मी. तवा पोर नव्हतं पदरात. आता रंभी हाय. तुमचं उपकार इसरायचो न्हाई, पण तिला त्या पत्र्याखाली झोपवायला माझी छाती व्हत न्हाई."

वाडीतली पोरं आपल्या धाकात राहिली नव्हती, हे यशवंतरावांना ठाऊक होतं. पंगतीत त्यातली चार-पाच होतीच, खाली बघून बोटं चाटत. इंदूनं सुभद्रेचा हात धरून ठेवला होता. सोडवत नव्हता तिला, पण थांब तरी कशाच्या जोरावर म्हणणार?

सयाजी अर्ध्या पानावरून उठला. हात धुतला, घरात गेला. आतून काहीतरी ओढल्याचा आवाज आला. मग तो स्वतःची बाज डोक्यावर घेऊन बाहेर आला. दारात ती अडकली, ती त्यानं तिरकी केली. सगळ्या भावकीच्या मधून, उष्ट्या पानांच्या कडेनं तो चालत गेला आणि गोठ्याच्या दारात, बरोबर उंबऱ्याबाहेर, त्यानं ती आडवी टाकली.

"आजपासनं मी हितं झोपणार," तो वळून म्हणाला. सुभद्रेला म्हणाला, पण बघत होता पंगतीतल्या पोरांकडं. "ज्याला गोठ्यावर दगड मारायचाय, त्यानं आदी मला मारावा. माझी बाज समद्यांच्या वळखीची हाय."

हिंदुरावांनी आपल्या थोरल्या पोराकडं पाहिलं. ते पोर पानावरून उठलं, गोठ्याशी गेलं आणि ज्योतीरामाची पेटी उचलून त्यानं आत नेऊन ठेवली. ठेवली आणि कुणाशी न बोलता हात धुवायला गेलं.

सुभद्रेनं त्या बाजेकडं पाहिलं. मग रंभीला तिनं इंदूच्या कडेवर दिलं, गोठ्यापाशी गेली, खाली बसली आणि गाठोड्याची गाठ सोडायला लागली. गाठ आवळून मारलेली, दातानं ओढावी लागली. आतली वाकळ काढून तिनं दोनदा झटकली आणि बाजेवर अंथरली.

"नुसत्या सुंभावर पडू नगा, दाजी," ती सयाजीला म्हणाली. "अंगाला रुततंय."